डूम इटर्नलमध्ये रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस कसं सुरू करायचं: आपला पीसी आणि आपला उन्हाळा धरून

परवा रात्री अमळनेरहून भाच्याचा फोन आला. "मामा, गेम खराब व्हई गई." गेम म्हणजे डूम इटर्नल. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, आरटीएक्स ३०६०, नुकतंच घेतलेलं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याने व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन जे जे नवीन दिसलं ते एकदम चालू केलं. आता लढाई रंगात आली की चित्र अटकतं आणि दोन वेळा तर अख्खा पीसी बंद पडला. मी विचारलं, "यातलं नेमकं काय चालू केल्यावर अटकायला लागलं?" तो गप्प. पाच गोष्टी एकत्र बदलल्यावर दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे, नंदुरबार अशा गावांतून मला असेच फोन येतात. बहुतेकांकडे असेंबल केलेला पीसी असतो, कार्ड मधल्या किमतीचं आणि मॉनिटर १०८०पी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. माझं म्हणणं एवढंच: एका वेळी एकच सेटिंग बदला, बदलाच्या आधी आणि नंतर मोजा, आणि खोलीचं तापमानही सेटिंगइतकंच महत्त्वाचं माना. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ एसीत बसून केलेले असतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा त्यांचे आकडे आपल्या उपयोगाचे राहत नाहीत.

पॅचने नेमकं काय दिलं

आयडी सॉफ्टवेअरचा हा गेम २० मार्च २०२० ला आला, तेव्हा त्यात रे ट्रेसिंग नव्हतं. २९ जून २०२१ च्या अपडेटने, म्हणजे पॅचने, पीसीवर दोन गोष्टी आल्या: रे ट्रेसिंगने, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग घेऊन, काढलेली प्रतिबिंबं आणि कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं डीएलएसएस, म्हणजे चित्र कमी ठिपक्यांत काढून मोठं करणारी युक्ती. आज गेम विकत घेऊन डाउनलोड केलात तर हे दोन्ही आतच असतं, फक्त चालू करावं लागतं. ज्यांनी २०२० मध्ये गेम टाकून नंतर अपडेट बंद ठेवले, त्यांना आधी अपडेट घ्यावा लागेल.

या गेममध्ये रे ट्रेसिंग फक्त प्रतिबिंबांसाठी आहे. सावल्या आणि बाकीचा उजेड जुन्याच पद्धतीने काढला जातो. म्हणून चालू केल्याकेल्या सगळं जग बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. फरक दिसेल तो चकचकीत फरशी, काच, पाणी आणि बंदुकीच्या धातूवर.

फरक ओळखायचा कसा? जुन्या पद्धतीला स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन म्हणतात. तिच्यात पडद्यावर त्या क्षणी जे दिसतंय, त्याचंच प्रतिबिंब काढता येतं. जेवायला बसलात आणि समोर घासलेलं स्टीलचं ताट आहे असं समजा. डोक्यावरचा पंखा ताटात दिसतो, तुमची नजर पंख्याकडे असो वा नसो. जुन्या पद्धतीत नजर पंख्यावरून हटली की ताटातलाही पंखा गायब होतो. रे ट्रेसिंगमध्ये कार्ड प्रत्येक चकचकीत ठिपक्यापासून किरण सोडून तो कुठे आदळतो ते शोधतं, त्यामुळे पंखा पडद्याबाहेर गेला तरी ताटात राहतो.

गेममध्ये हे असं तपासा. दोन मिशनांच्या मधे जिथे परत येता त्या फोर्ट्रेस ऑफ डूममध्ये जा. तिथे शत्रू नसतात, सावकाश बघता येतं. चकचकीत फरशीवर ज्याचं प्रतिबिंब पडलंय असा एखादा दिवा शोधा. दिवा आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही पडद्यावर येतील असे उभे राहा. आता माउस हळूहळू खाली ओढा. दिवा पडद्याच्या वरच्या कडेने बाहेर जाईल तेव्हा फरशीकडे लक्ष ठेवा. रे ट्रेसिंग बंद असेल तर प्रतिबिंब कडेपासून विरघळत जातं. चालू असेल तर दिवा बाहेर गेल्यावरही फरशीवर तसाच राहतो. भाच्याला फोनवर हेच करायला लावलं. दोन-तीन वेळा माउस खालीवर केल्यावर तो म्हणाला, "हा मामा, आते दिखनं." एकदा डोळ्याला हे कळलं की आपण कार्डाची ताकद कशावर खर्च करतोय हेही कळतं.

तुमच्या कार्डाला जमेल का

आरटीएक्स नाव असलेलं एनव्हिडियाचं कोणतंही कार्ड, म्हणजे २०१८ पासूनची २० मालिका आणि पुढची, रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस दोन्ही चालवतं. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेत आणि पुढच्या कार्डांत रे ट्रेसिंग आहे, डीएलएसएस नाही, कारण त्याला एनव्हिडियाचे टेन्सर कोअर (कार्डातले एआयच्या गणितासाठीचे खास भाग) लागतात. जीटीएक्स १६५० आणि १६६० आपल्याकडे अजून खूप घरांत आहेत. त्यांत रे ट्रेसिंगचे कोअर नाहीत आणि टेन्सर कोअरही नाहीत. अशा कार्डावर या गेममध्ये ही दोन्ही सेटिंगं मिळणार नाहीत आणि ती मिळवून देणारी कुठलीही फाइल अस्तित्वात नाही. "आरटीएक्स अनलॉकर" वगैरे नावाने जे फिरतं ते डाउनलोड करू नका. बहुतेक वेळा आत व्हायरस असतो.

मेमरीकडेही आधीच बघा. आरटीएक्स ३०६० मध्ये सहसा १२ जीबी असते, डेस्कटॉपच्या ३०५० मध्ये ८ किंवा ६, लॅपटॉपच्या ३०५० मध्ये बऱ्याचदा फक्त ४. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा, तिथे डेडिकेटेड मेमरी लिहिलेली असते. सेकंड हँड कार्ड घेतलं असेल तर ही खात्री पहिल्याच दिवशी करा. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

चालू करण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी सेव्ह फाइल आणि सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. सेटिंगची फाइल तुमच्या युजर फोल्डरमधल्या "सेव्ह्ड गेम्स"च्या आत, आयडी सॉफ्टवेअर, मग डूम इटर्नल, मग बेस या फोल्डरमध्ये असते. एखाद्या सेटिंगमुळे गेम उघडायचाच बंद झाला तर ही फाइल हलवायची. गेम नवी कोरी बनवून घेतो.

मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. हा गेम पीसीवर फक्त व्हल्कनवर (गेम आणि कार्ड यांच्यातली बोलायची एक पद्धत) चालतो आणि व्हल्कनमधल्या रे ट्रेसिंगचा मानक नोव्हेंबर २०२० मध्ये पक्का झाला. त्यामुळे त्याआधीचा ड्रायव्हर असेल तर सेटिंग दिसणारच नाही. दुकानातून पीसी आणताना जो ड्रायव्हर टाकून मिळाला तोच तीन वर्षं चालवणारे मी पाहिलेत. एनव्हिडिया किंवा एएमडीच्या स्वतःच्या साइटवरून नवीन उतरवा. इन्स्टॉल करताना क्लीन इन्स्टॉलचा पर्याय निवडा. कार्ड एका कंपनीचं काढून दुसरीचं लावलं असेल तर विंडोज सेफ मोडमध्ये उघडून डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पूर्ण पुसा. एरवी डीडीयूची गरज नाही.

अपडेट उतरवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. गेमच्या फाइली अवाढव्य असतात आणि स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि उतरवायचं ॲप) पॅच लावताना त्या नव्याने लिहितं, म्हणून डाउनलोड लहान दिसलं तरी ड्राइव्हवर मोकळी जागा भरपूर लागते. आणि लाईट. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं तर स्टीम पुढून सुरू करतं, त्यात नुकसान नाही. पण फाइली लिहिल्या जात असतानाच लाईट गेली तर एखादी फाइल बिघडू शकते. तसं झालं असेल तर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे फाइली तपासण्याचं बटण दाबा. बिघडलेल्या तेवढ्याच पुन्हा उतरतात. पूर्ण गेम काढून परत टाकायची घाई करू नका.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच खेळा. शिवाय विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेमसाठी हाय परफॉर्मन्स निवडा, नाहीतर गेम प्रोसेसरच्या आतल्या छोट्या ग्राफिक्सवर सुरू होऊ शकतो आणि मग रे ट्रेसिंग कुठे आहे हे शोधत बसाल.

मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले फेरबदल) टाकले असतील तर ते बाजूला ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटपासून या गेमला अधिकृत मॉड चालतात आणि ते चांगलेच आहेत. पण मोजमाप करताना गेम कोरा हवा.

आधी मोजा, मग हात लावा

रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस बंद, बाकी सगळं तुम्ही रोज खेळता तसं. एखाद्या खेळून झालेल्या मिशनमधली एक ठरावीक जागा निवडा, जिथे परत परत जाता येईल. मी मिशन सिलेक्टमधून एकच मिशन उघडतो आणि सुरुवातीपासून ठरलेल्या वाटेने तीस सेकंद चालतो. वाट तीच, वेग तोच.

आकडे बघायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. गेमच्या सेटिंगमध्येच परफॉर्मन्स मेट्रिक्स आहे, ते वाढवलं की फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, निघतात) आणि इतर माहिती कोपऱ्यात दिसते. एनव्हिडिया ॲपमध्ये ऑल्ट आणि आर दाबून, एएमडीच्या ॲड्रेनलिनमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून कार्डाचं तापमान आणि वॅटही दिसतात. एक वही घ्या. तारीख, वेळ, खोलीत पंखा होता की कूलर, सरासरी फ्रेम, सगळ्यात खाली गेलेला आकडा, कार्डाचं तापमान. एवढं लिहा.

ड्रायव्हर किंवा पॅच बदलल्यावरची पहिली काही मिनिटं मोजू नका. कार्ड तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार करून साठवत असतं आणि त्या वेळेत चित्र अटकतंच. दहा मिनिटं खेळा, मग मोजा.

आकड्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. किती फ्रेम कमी झाल्या हे बघू नका. एक फ्रेम काढायला किती मिलिसेकंद लागले ते बघा. १००० ला फ्रेम रेटने भागलं की मिलिसेकंद मिळतात. समजा एकाच्या पीसीवर २०० वरून १५० फ्रेम झाल्या. पन्नास गेल्या म्हणून तो घाबरतो. पण ५ मिलिसेकंदांचे ६.७ झाले, म्हणजे खर्च फक्त १.७. दुसऱ्याकडे ९० वरून ६० झाल्या. तीसच गेल्या. पण ११.१ चे १६.७ झाले, खर्च ५.६ मिलिसेकंद, म्हणजे पहिल्याच्या तिपटीहून जास्त. कुठलं सेटिंग महाग आणि कुठलं स्वस्त हे मिलिसेकंदांतच कळतं. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, असेल तर प्रत्येक फ्रेमसाठी तुमच्या हातात १६.७ मिलिसेकंद आहेत. १४४ चा असेल तर साधारण ६.९. सगळा हिशेब त्या पिशवीतून करायचा.

रे ट्रेसिंग चालू

सेटिंग, व्हिडिओ, तिथे रे ट्रेसिंगचं सेटिंग सापडेल. फक्त तेवढं चालू करा. डीएलएसएसला अजून हात लावू नका. बदल मान्य केला की मी गेम बंद करून पुन्हा उघडतो, सगळं नीट लागू झाल्याची खात्री राहते. मग तीच वाट, तेच तीस सेकंद, आणि वहीत दुसरी ओळ.

बटण दाबता येत नसेल किंवा बदल लागू होत नसेल तर पडद्यावरचा मेमरीचा पट्टा बघा. या गेमची ही सोय मला फार आवडते: तुमच्या सेटिंगना किती ग्राफिक्स मेमरी लागते आणि कार्डात किती आहे हे तो समोर मांडतो आणि मर्यादा ओलांडली तर लागू करू देत नाही. रे ट्रेसिंगला जास्तीची मेमरी लागते, त्यामुळे ६ किंवा ८ जीबीच्या कार्डावर आधी चालणारं सेटिंग आता बसत नाही असं होऊ शकतं.

अशा वेळी पहिला हात टेक्स्चर पूल साइजला घाला. लोक हे सेटिंग कमी करायला घाबरतात, वाटतं चित्र फाटकं दिसेल. तसं नाही. चित्रांसाठी किती मेमरी राखून ठेवायची एवढंच ते ठरवतं. १०८०पी वर एक-दोन पायऱ्या खाली आणलंत तर खेळताना फरक शोधूनही सापडत नाही. अल्ट्रा नाइटमेअर नावाचा मोह १२ जीबीवाल्यांनी करावा, बाकीच्यांनी मीडियम किंवा हाय ठेवून रे ट्रेसिंगला जागा करून द्यावी. ४ जीबीच्या लॅपटॉपवर मात्र ओढाताण करू नका. तिथे रे ट्रेसिंग बंद ठेवून नुसतं डीएलएसएस वापरलंत तर गेम जास्त आनंद देईल.

मग डीएलएसएस

रे ट्रेसिंगचा खर्च पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येबरोबर वाढतो. १०८०पी म्हणजे २०,७३,६०० ठिपके. डीएलएसएस क्वालिटीवर ठेवलं की कार्ड चित्र १२८० बाय ७२० वर काढतं, म्हणजे ९,२१,६०० ठिपके, निम्म्याहून कमी. मग टेन्सर कोअर आधीच्या फ्रेमांची माहिती वापरून ते १०८०पी पर्यंत वाढवतात. रे ट्रेसिंगने खाल्लेले मिलिसेकंद इथे परत मिळतात. म्हणूनच दोन्ही एकाच पॅचमध्ये आले.

पण १०८०पी च्या मॉनिटरवर क्वालिटीच्या खाली जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. परफॉर्मन्सवर कार्ड ९६० बाय ५४० वर चित्र काढतं, फक्त ५,१८,४०० ठिपके. इतक्या थोड्या माहितीतून लांबचा शत्रू, तारा, जाळ्या नीट उभ्या राहत नाहीत, आणि या गेममध्ये लांबून येणारा गोळा वेळेवर दिसणं म्हणजे जीव वाचणं. १४४०पी मॉनिटर असेल तर बॅलन्स्डपर्यंत जायला हरकत नाही. ४के टीव्हीला जोडून खेळत असाल तर परफॉर्मन्सही छान दिसतो, कारण तिथे खालचं चित्रच १०८०पी चं असतं.

डीएलएसएस चालू असताना गेमचं स्वतःचं रिझोल्यूशन स्केलिंग चालू ठेवू नका. एकाच कामाला दोन कारागीर नकोत.

एएमडीवाल्यांसाठी डीएलएसएस नाही, पण हेच रिझोल्यूशन स्केलिंग आहे. डायनॅमिक ठेवा आणि लक्ष्य ६० द्या. लढाई पेटली की गेम आपोआप रिझोल्यूशन थोडं खाली आणतो आणि शांत झालं की परत वर नेतो. आरएक्स ६६०० वर रे ट्रेसिंग करून बघायचं असेल तर अशानेच बघा. १६५० वाल्यांनाही रे ट्रेसिंगशिवाय हेच सेटिंग सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र, त्याबद्दल थोडक्यात. मॉनिटरच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, पण बऱ्याच स्वस्त मॉनिटरची चमक अडीचशे-तीनशे निट्सच असते. मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या व्हेसाच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्राची पहिली पायरीच ४०० आहे. त्याखाली एचडीआर चालू केलं तर रंग धुतलेल्या कपड्यासारखे फिके दिसतात. विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबून चालू-बंद करून स्वतः बघा आणि ठरवा.

आता उन्हाळ्याची गोष्ट

इथे मी जरा थांबणार आहे, कारण खानदेशात निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर बसतं. जानेवारीत पहाटे खोली वीस अंशांवर असताना कार्ड ६५ दाखवत असेल, तर मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांच्या खोलीत तेच कार्ड, तोच गेम, तीच सेटिंगं ठेवून ८५ कडे सरकणार. आरटीएक्स ३० मालिकेतली बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. पडद्यावर ते फ्रेम घसरल्यासारखं दिसतं आणि आपण रे ट्रेसिंगला शिव्या देतो. म्हणून वहीत तापमान लिहायला सांगितलं. वेग घसरला तेव्हा तापमान ८३ ला टेकलेलं असेल तर सेटिंगची चूक नाही, हवेची आहे.

भाच्याचं अटकण्याचं कारण हेच निघालं. त्याने कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं होतं. तीन बाजूंनी फळ्या, मागे भिंत. गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती, तीच फिरून पंख्यात येत होती. कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून हातभर लांब ठेवायला लावलं. दुसरं काही केलं नाही आणि अटकणं थांबलं.

धूळ आणि कापूस हे दुसरं. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की चोपडा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यात कापसाचे तंतू हवेत असतात. ते कॅबिनेटच्या जाळीवर असे बसतात की जाळीची वाकळ होते. महिन्यातून एकदा जाळी काढून ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका.

कूलर लावत असाल तर खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. आणि कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर, विशेषतः उघड्या कॅबिनेटवर, कधीही मारू नका. पाण्याचे बारीक तुषार आणि त्यातले क्षार बोर्डावर जाऊन बसतात.

एवढं करूनही तापमान उतरत नसेल तर कार्डावर ताण कमी करा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, तिथे मॉनिटरच्या हर्ट्झइतका आकडा टाका. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १२० फ्रेम काढणं म्हणजे फुकटची उष्णता. त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग आणि वीज बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. वॅट आणि तापमान बऱ्यापैकी उतरतं, वेग थोडासाच. एप्रिल ते जून मी माझं कार्ड याच मर्यादेत चालवतो.

पीसी बंद पडतो तेव्हा

भाच्याचा पीसी बंद पडण्याचं कारण मात्र वेगळं होतं. मी विचारलं, बंद पडण्याआधी यूपीएस वाजतो का? वाजत होता.

हिशेब करून बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. आरटीएक्स ३०६० पूर्ण भारावर १७० वॅट ओढतं. आय५ १२४००एफ सारखा प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत जाऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून आणखी चाळीस-पन्नास धरा, मॉनिटर पंचवीस-तीस. वर एसएमपीएसमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) वाया जाणारी वीज. बेरीज ३६० च्या पार होते. साध्या सेटिंगवर फ्रेम मर्यादेत असताना कार्ड निम्म्याच भारावर असतं, म्हणून यूपीएस गप्प बसतो. रे ट्रेसिंग चालू केलं की कार्ड पूर्ण भारावर जातं आणि यूपीएस हात टेकतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरून यूपीएस बॅटरीवर गेला की हे हमखास होतं.

उपाय दोन. १००० व्हीएचा यूपीएस घ्या किंवा वर सांगितलेली फ्रेमची आणि पॉवरची मर्यादा लावा. भाच्याने दुसरा निवडला, खर्च शून्य. जाता जाता: स्वस्त यूपीएसची बॅटरीवरची लहर पायऱ्या-पायऱ्यांची असते आणि काही चांगले एसएमपीएस ती सहन न होऊन लाईट जाताच बंद होतात. यूपीएस वाजत नसताना, लाईट गेल्याच्या क्षणीच पीसी बंद होत असेल तर संशय इथे घ्या. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस महाग पडतो, पण त्याला इलाज नाही.

यूपीएस वाजत नाही, तापमान ठीक, तरी गेम मधेच बंद होतो असं असेल तर आधी स्टीममधून फाइली तपासा. मग आफ्टरबर्नरमधलं ओव्हरक्लॉक, म्हणजे कार्डाचा मुद्दाम वाढवलेला वेग, काढा. रोजच्या खेळात टिकणारं ओव्हरक्लॉक रे ट्रेसिंगच्या भारात टिकेलच असं नाही. मग सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर नकल करून मूळ जागेवरून हलवा आणि गेम नव्याने उघडा. या तिन्हींनंतरही तेच होत असेल तर ड्रायव्हर एक आवृत्ती मागे नेऊन बघा.

चित्र अटकतं पण कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली दिसतो, असं असेल तर गाठ रॅम किंवा प्रोसेसरशी आहे. रे ट्रेसिंग प्रोसेसरवरही काम टाकतं. आपल्याकडे पैसे वाचवायला ८ जीबीची एकच पट्टी लावून देतात. दुसरी तशीच पट्टी जोडीच्या खाचेत लावली की रॅममधून एका वेळी दुप्पट माहिती जाऊ शकते आणि फ्रेमांमधली ओढाताण कमी होते. ग्राफिक्स कार्ड बदलायच्या आधी हा खर्च करा.

आणि एक इशारा, जो या गेमपुरता नाही. ऑनलाइन शूटरमध्ये, जिथे अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) असतं, तिथे चित्र सुधारण्यासाठी बाहेरच्या डीएलएल फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. तुमचा हेतू चांगला असला तरी अँटी-चीटला तो कळत नाही आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं. तिथे फक्त गेमच्या मेनूतली सेटिंगं.

भाच्याचा पीसी आता असा लागलाय: रे ट्रेसिंग चालू, डीएलएसएस क्वालिटी, टेक्स्चर पूल अल्ट्रा, फ्रेम ६० वर बांधलेल्या, पॉवर लिमिट ८५. वहीत चार ओळी आहेत. नवा ड्रायव्हर आला की पाचवी लिहायला सांगितलंय, आणि अक्षय्य तृतीयेला घरी येईन तेव्हा भर दुपारी दोन वाजता, कूलर बंद ठेवून, सहावी आम्ही दोघं मिळून मोजणार आहोत.